एकटीच, एकटाच, एकटंच

आमच्या कागल तालुक्यात बायका ‘मी आलो’ म्हणतात. आई म्हणते, आजी म्हणायची, शेजारच्या काकी म्हणतात, ‘गॅस बंद केला आन् आलोच बघ.’ कोल्हापूरकडच्या कुणाला यात नवल वाटणार नाही. त्यामुळे वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत क्रियापदाशी माझं कधी भांडण झालं नव्हतं. घरात, शाळेत, एसटीत सगळ्या जणींचं ‘गेलो, आलो, जेवलो’ चालायचं, तसंच माझंही.

भांडण सुरू झालं पुण्यात. २०१८ साली कॉलेजसाठी मी पुणं गाठलं, सोबत नाट्यप्रशिक्षणाच्या वर्गात नाव घातलं. वाचिक अभिनयाच्या पहिल्याच तासाला ओळख करून देताना तोंडून निघालं, ‘मी कोल्हापूरहून आलो.’ वर्ग हसला. सरांनी अगदी चांगल्या मनाने फळ्यावर लिहिलं: आलो, आले. ‘रंगभूमीवर भाषा प्रमाण लागते. तू मुलगी आहेस ना? मग आले म्हण.’ मी म्हटलं, ‘आले.’ माझ्या कानाला ते चहात ठेचून घालायचं आलंच वाटलं. वर्ग पुन्हा हसला, या वेळी मीही त्यांच्यात सामील.

मी नॉन-बायनरी आहे, म्हणजे बाई आणि पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारं माणूस, हे काही मला त्या फळ्याने सांगितलं नाही. ते फार आधीपासून होतं, पाचवी-सहावीपासून, फक्त त्याला शब्द नव्हता. पण रोज शंभर वेळा, साधं ‘निघते’ म्हणायच्या आधी आपण कोण ते जाहीर करावं लागतं, हे त्या वर्षी अंगावर आलं. इंग्रजी बोलणाऱ्या मित्रांचं बरं असतं. त्यांनी सर्वनाम बदललं की निम्मं काम होतं. आपल्याकडे सर्वनाम हा त्यातल्या त्यात सोपा भाग. ‘मी’ला लिंग नाही, ‘मी’च्या शेपटीला आहे.

मग मी पळवाटा गोळा केल्या. ‘खाल्लं, पाहिलं, केलं’ या क्रियापदांचं बरं असतं, ती कर्माच्या मागे जातात, कर्त्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ‘जाईन, करीन’ सगळ्यांना सारखंच. ‘मला भूक लागली’, ‘मला जायचंय’ म्हणताना ‘मला’च्या आड लपता येतं. ‘आम्ही गेलो’ही चालतं, पण एकट्या माणसाने ते म्हटलं की जुन्या वाड्यातला सरदार बोलल्यासारखं वाटतं. अडतं ते रोजच्या वर्तमानकाळात, ‘करतो’ की ‘करते’ तिथे. हा मजकूरही त्याच पळवाटांनी लिहिलाय. कंटाळा आला तर शोधून बघा, कुठे पाय घसरलाय का.

बाकीच्यांनी मला काय म्हणायचं हा आणखी वेगळा घोळ. ‘ते आलं’ म्हटलं की आजीचं ‘माझं लेकरू आलं’ आठवतं, पण तेच पंचविशीतल्या माणसाला गल्लीच्या कोपऱ्यावरून कुणी म्हटलं तर ती शिवी असते. पुण्यातल्या मित्रमंडळींनी ‘ते आले’ सुरू केलं. प्रेमाने केलं, पण प्रत्येक वेळी मला आपण कुणाचे तरी मामंजी आहोत असं वाटायचं.

या सगळ्यावर हमखास एक वाक्य कानावर पडतं: ‘अरे, आपल्याकडे तर बालगंधर्व होते!’ कौतुकानेच म्हणतात. मला त्याचा कंटाळा येतो. नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू बघून घराघरातल्या बायका साडी कशी नेसायची ते शिकल्या, हे सगळं खरं. पण त्या काळी घरंदाज बाईने रंगमंचावर पाऊल टाकायचं नव्हतं म्हणून पुरुष ती जागा भरत होते. भरताना ते इतके बेमालूम भरायचे की शिवण दिसू नये. पडदा पडला की नारायणराव. माझं दुखणं शिवण दिसू न देण्याचंच होतं. तेव्हा गंधर्वांबद्दल आदर आहे, पण ते माझे पूर्वज नव्हेत. माझे पूर्वज मला सापडले वाखरीच्या तळावर, मिशीसकट.

२०२२ सालची गोष्ट. करोनाच्या दोन वर्षांनंतर वारी पुन्हा पायी निघाली होती. वर्गाला लोककलेचा प्रकल्प होता, म्हणून आम्ही चौघं पंढरपूरच्या आधीच्या शेवटच्या मुक्कामी, वाखरीला गेलो. रात्रीचे साडेनऊ-दहा. ताडपत्रीचा तंबू, एक बल्ब, समोर दीडेकशे वारकरी, त्यातले बरेचसे आडवे झालेले. मागून एक सून आली. हिरवं नऊवारी, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, कडेवर टोपली आणि पदराचं टोक दातात धरलेलं. चाल सासूच्या धाकातली, खांदे पडलेले, पाय मात्र दणकट, नांगरामागे चालणाऱ्याचे. मृदंगवाल्याने हटकलं, ‘का गं बाई, एवढ्या रातीची कुठं?’ उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं, पदर सुटला आणि खाली ही झुपकेदार पांढरी मिशी.

आडवा झालेला तंबू उठून बसला.

नाथांचं भारूड होतं, भवानीआईला रोडगा कबूल करणाऱ्या सुनेचं. सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, शेवटी नवरा, एकेकाचा बंदोबस्त कर म्हणून ती देवीला साकडं घालते. आपल्यातल्या बहुतेकांना ते पाठच असतं. मी त्या रात्री पाऊण तास समोर सून पाहिली आणि मिशीही पाहिली. एकीने दुसरीला खोटं पाडलं नाही. माझ्या शेजारची म्हातारी आधी पदर तोंडाला लावून हसली, मग त्याच पदराने तिने डोळे पुसले, मिशीकडे बघत बघतच.

सकाळी टँकरच्या नळावर तेच गृहस्थ धोतर-बंडीत दात घासत होते. त्यांना अण्णा म्हणतात. मी म्हटलं, मला हे शिकायचंय.

‘कशापाय?’

‘नाटकात करायचंय.’

‘पैसं मिळत्यात?’

‘नाही.’

‘मग या.’

सप्टेंबर ते फेब्रुवारी, पंढरपूर तालुक्यातल्या त्यांच्या गावी माझ्या सात फेऱ्या झाल्या. पुण्याहून एसटी, पुढे वडाप, पुढे कॅनॉलच्या कडेने अर्धा तास पायी. पहिल्या दोन फेऱ्यांत गाणं नाही, सोंग नाही, फक्त चिपळ्या. उजव्या हाताच्या बोटांत चिपळ्या, डाव्या हाताने पदर, आणि दोन्ही हातांनी एकमेकांकडे लक्ष द्यायचं नाही. माझ्या चिपळीचा आवाज चमचे वाजल्यासारखा यायचा. अण्णा बोलायचे नाहीत, उठून गोठ्यात जायचे. तीच त्यांची दाद.

त्या घरी ताई की दादा हा प्रश्नच आला नाही. वारकरी सगळ्यांनाच माउली म्हणतो. ‘माउली, च्या घ्या.’ ‘माउली, पाय काढा वाटंतनं.’ अण्णांच्या घरच्या म्हणजे काकू शेजारणीला सांगायच्या, ‘पुण्याची माउली आलीया.’ क्रियापद बाईचंच, पण टोचलं नाही. ज्ञानोबा पुरुष, तरी आळंदीहून माउली ‘निघाली’, पुण्यात ‘विसावली’ असंच आपण म्हणतो. तिथे लिंग त्या शब्दाचं, माणसाचं नव्हे. अर्थात चिपळी चुकली की अण्णांचं ‘अगं ए पोरी’ही व्हायचं. अण्णांना माझ्या ओळखीबद्दल मी कधी काही सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही. हे धैर्य नव्हतं की हुशारी होती, अजून ठरलेलं नाही. चिपळ्या सोडून दुसरं काही बोलायला तिथे वेळच नसायचा.

तिसऱ्या फेरीत सोंग. मी बाई करून दाखवली: कंबर, मान, डोळे, सगळं वर्गात शिकवलेलं. अण्णांनी हात वर केला. ‘बाई कुणी सांगितली? सून हाय ती. डोस्क्यावर वझं हाय, मागं सासू हाय, पोटात राग हाय. त्यातलं येक बी दिसंना.’ मग ते स्वतः उठले, वय सत्तरीच्या पुढे, आणि टोपली न घेता, साडी न नेसता अंगणात दहा पावलं चालले. त्या दहा पावलांत बाई नव्हती, पुरुषही नव्हता. रिकाम्या डोक्यावर वजन मात्र दिसलं.

साडीने मला फसवलं, चांगल्या अर्थाने. मामेबहिणीच्या लग्नात नेसवलेली पाचवारी मला अजून स्वप्नात येते, पायांना दोरखंड बांधल्यासारखी. आजीचं जुनं नऊवारी ट्रंकेतून काढून अण्णांकडे नेलं. कमरेला गाठ, निऱ्या, मग उरलेला घोळ पायांमधून मागे नेऊन खोचायचा. अण्णा ज्या हाताने सकाळी धोतराचा कासोटा खोचतात, त्याच हाताने, त्याच झटक्याने साडीचाही खोचतात. नेसून मांडी घातली, उकिडवं बसून पाहिलं, उंबऱ्यावरून उडी मारली. आजी आयुष्यभर शेतात ज्या कपड्यात वावरली त्याला आपण नुसतं ‘बायकांचं’ म्हणून अडगळीत टाकलं होतं.

पुण्यात तालमी सुरू झाल्यावर एक मूर्खपणा केला, तो सांगून टाकावा. सोंगाच्या खाली छाती सपाट दिसावी म्हणून मेडिकलमधून चार इंची क्रेप बँडेजचे दोन रोल आणले आणि घट्ट गुंडाळले. क्रेप बँडेज श्वासाबरोबर सैल होत नाही, उलट हालचालीने आवळत जातं. भारुडात उड्या आहेत, वरच्या पट्टीतली ओढ आहे. तिसऱ्या तालमीत कडव्याच्या मधोमध श्वास संपला, डोळ्यांपुढे काजवे. त्यानंतर आठ दिवस कुशीवर वळताना बरगडी दुखायची. फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीने जे ऐकवलं ते छापण्याजोगं नाही. सार असं की बँडेज कधीच नाही, आणि छाती सपाट दिसण्यासाठी मुद्दाम शिवलेला, नीट मापाचा बाइंडरसुद्धा आठ तासांवर नाही, नाचताना-गाताना तर नाहीच. उत्तर अण्णांच्या खुंटीवर टांगलेलं होतं, माझंच लक्ष नव्हतं. ते नऊवारीखाली चोळी घालत नाहीत, रोजचा सदरा घालतात, बटणं गळ्यापर्यंत लावलेला. सैल पांढरा सदरा, वरून हिरवं नऊवारी. आरशात मी ते पाहिलं आणि बराच वेळ काही करावंसंच वाटलं नाही.

मिशीचा प्रश्न राहिला. अण्णांचा सगळा विनोद पदराखालच्या मिशीवर उभा आहे. माझ्या पदराखाली काय? आधी नकली लावून पाहिली, क्रेप हेअर आणि स्पिरिट गम. घामाने ती जावेच्या कडव्यात सुटली आणि तोंडात गेली. प्रकाशयोजना करणारा मित्र विंगेत हसून हसून खाली बसला. मग काजळाने काढून पाहिली. ती गॅदरिंगमधल्या शिवाजीसारखी दिसली. शेवटी वैतागून मी काहीच लावलं नाही. मृदंगवाल्याने हटकलं, पदर सुटला, खाली नुसता चेहरा. तालमीला बसलेल्या सात-आठ जणांत एक विचित्र शांतता झाली. ते मिशीची वाट बघत होते. ती आली नाही म्हटल्यावर त्यांनी चेहऱ्यात शोधायला सुरुवात केली, आणि पुढचा पाऊण तास शोधत राहिले. आमच्या दिग्दर्शिकेने वहीत एवढंच लिहिलं: ‘ठेव.’

खरी अडचण मात्र शेवटच्या ओळीत होती. ‘एका जनार्दनी सगळेचि जाऊ दे, एकटीच राहू दे मला.’ सगळे गेल्यावर सून एकटी उरते, आणि तिथेच ती ‘एकटीच’ मला अडवायची. पाऊण तास दोन्हींच्या मधून चालल्यावर एका शब्दाने परत त्या फळ्यापुढे उभं केल्यासारखं. ‘एकटाच’ म्हणून पाहिलं, लोक हसले, आणि हसू चुकीच्या जागी आलं. ‘एकटंच’ म्हणून पाहिलं. ते मला आवडलं, आजीचं लेकरू त्यात होतं, पण ऐकणाऱ्याला वाटायचं की सुनेचं पोर जत्रेत हरवलं.

शेवटच्या फेरीत अण्णांना विचारलं, शब्द बदलला तर चालेल का. ते माझ्यावर चिडले तेवढी एकच वेळ. ‘नाथांचा शबूद हाय. तुज्या बापाचा हाय का?’ मग भारूडकार सांगतात तो अर्थ त्यांनी स्टेशनवरच्या घोषणेसारखा एका दमात सांगितला: सासू-सासरा म्हणजे मनातले विकार, सून म्हणजे जीव, वगैरे. मी ऐकून घेतलं. मला तेव्हा अर्थ नको होता, वाट हवी होती.

वाट तालमीत सापडली, तीही माझ्या विसराळूपणामुळे. ती ओळ तीनदा येते. तिसऱ्यांदा शब्दच आठवेना आणि ‘एकटीच’च्या जागी आवाजच फुटला नाही. हात मात्र चालू होता. शब्दाच्या जागी चिपळीचे तीन ठोके पडले आणि पुढचं ‘राहू दे मला’ कसंबसं आलं. ‘मला’. माझी जुनी लपायची जागा. आम्ही तेच ठरवून टाकलं. पहिल्या दोन वेळा नाथांची ओळ जशीच्या तशी, मागचे झील धरणारे ‘एकटीच’ दणकून म्हणतात. तिसऱ्यांदा तेही गप्प, मीही गप्प, फक्त तीन ठोके. फोनवरून अण्णांना ऐकवलं. बराच वेळ नुसती खरखर. मग म्हणाले, ‘बदाललं न्हाईस. गाळलंस.’ पुढे, ‘दुसरा ठोका मागं पडतुया.’

एका स्पर्धेत हे घेऊन उतरायचं ठरलं, तेव्हा अर्जावर दोन चौकटी होत्या: अभिनय पुरुष, अभिनय स्त्री. मी दोन्हींच्या मधल्या पांढऱ्या जागेत ‘लागू नाही’ लिहिलं. दोन दिवसांनी फोन. पलीकडचे काका बिचारे घामाघूम: ‘मॅडम... सर... हे बघा, प्रमाणपत्रावर आधी काहीतरी छापावं लागतं ना.’ मी त्यांना १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालाबद्दल सांगितलं, आपलं लिंग आपणच ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो. २०१९ साली संसदेने ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी केलेल्या कायद्याच्या व्याख्येत जेंडरक्वीअर आणि जोगता हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसवले होते, हेही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने २०२१ पासून अभिनयाची पारितोषिकं स्त्री-पुरुष अशी वेगळी देणं बंद केलंय, हेही. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग कुमारी टाकू का?’

जोगता म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे आमच्या गल्लीत मंगळवारी येणारा यल्लम्मादेवीचा जोगता होता. हिरवी साडी, गळ्यात कवड्यांची माळ, काखेत चौंडकं. आजी उंबऱ्यावर येऊन त्याच्या पाया पडायची, सुपातून जोंधळे घालायची. तो वळणावर गेला की आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो, आणि आजी ती बघून हसायचीही. पाया पडणं आणि हसणं दोन्ही एकाच उंबऱ्यावर. ‘आपल्या परंपरेत सगळं होतंच की’ असं कुणी म्हटलं की मला ती नक्कल आठवते. सगळ्यात चांगली मीच करायचे असं आजी सांगायची. (सापडला ना? तो शब्द तिचा आहे, राहू दे.)

स्पर्धेत ‘स्त्री’ गटात उत्तेजनार्थ मिळालं. मंचावर ‘कुमारी’ पुकारलं गेलं. मी गेलं पाहिजे की नाही यावर नंतर मित्रांत बरीच वादावादी झाली. काहींच्या मते नाकारायला हवं होतं. बरोबर असेल त्यांचं. पाकिटात दीड हजार रुपये होते आणि पखवाजवाल्या दादांचे दोन प्रयोगांचे पैसे थकले होते. मी पाकीट घेतलं. प्रमाणपत्र कपाटावर आहे, त्याच्यावर चिपळ्या ठेवलेल्या असतात.

त्यानंतरचे प्रयोग छोट्या जागांत झाले, शंभरेक खुर्च्या, कधी त्याही निम्म्या रिकाम्या. एका प्रयोगानंतर रंगपटात एक आजीबाई आल्या. माझ्या अंगावर अजून सदरा आणि नऊवारी. त्यांनी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, नीट पाहिलं. ‘मुलगा की गं मुलगी तू?’ मी तोंड उघडेपर्यंत त्याच म्हणाल्या, ‘असू दे. शेवटी ते काय गाळलंस, ते मला घरी जाईपर्यंत कानात वाजत राहणार.’ बाकीचे प्रेक्षक त्या तीन ठोक्यांना काय ऐकतात कोण जाणे. एका समीक्षकाला तिथे संहिता विसरल्यासारखं वाटलं, तसं त्याने लिहिलंही. अगदीच चूक नाही ते.

गेल्या दिवाळीत घर गाठायला उशीर झाला. कोल्हापूर स्टँडवरून शेवटची गाडी, फाट्यावर उतरेपर्यंत साडेअकरा. पाठीवरच्या सॅकमध्ये आजीचं नऊवारी, धुऊन आणलेलं. दार वाजवलं. आतून भांडं पडल्याचा आवाज, मग चपलांचा, मग आईचा:

‘थांब गं बाळा, आलो!’